ठेवणीतला हॉप

आमच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या डब्यामागे, पुरणाचे दोन गोळे आणि सासूबाईंनी मालवणहून दिलेले सोडे यांच्या मधोमध, तीन वर्षं एक चंदेरी पाकीट मुक्कामाला होतं. त्याच्यावर मी काळ्या पेनाने ठळक लिहिलं होतं : ‘हात लावू नये.’ त्याखाली बायकोच्या अक्षरात होतं : ‘कोणी? मी की तू?’ तेव्हा मला हा प्रश्न खोचक वाटला होता. आता वाटतं, मुद्द्याचा होता.

पाकिटात हॉप होता. मराठीत हॉपला शब्द नाही, आणि नसल्यामुळे आपलं काही अडलेलंही नाही. ही एक वेल. तिच्या मादीला कागदासारखी हलकी, हिरवी, शंकूच्या आकाराची फुलं येतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी भुकटी असते. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध या भुकटीत. कूळ म्हणाल तर भांगेचं. हॉप आणि भांग ही चुलत भावंडं; एक कारखान्यात नोकरीला लागलं, दुसरं होळीपुरतं उगवतं. बिअरमध्ये हॉपचं काम आमटीतल्या गोड्या मसाल्याचं. त्याने पोट भरत नाही, पण तो नसला तर समोर जे येतं त्याला आमटी म्हणवत नाही. १५१६ साली बव्हेरियाच्या राजघराण्याने फर्मानच काढलं की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेख नाही; हे सगळं आंबवतं ते नक्की कोण हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. घरातलं सगळं काम जो करतो त्याचंच नाव रेशनकार्डावर नसणं हे काही फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही.

रेशनकार्डावरून आठवलं. आम्ही राहतो अमेरिकेत आणि मी घरी बिअर करतो. ही मोकळीक इथे मिळाली ती १९७८ साली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. सज्ञान माणूस एकटा असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त सज्ञान असतील तर २००. विकायची मात्र नाही. माझी बायको बिअरचा थेंब घेत नाही, पण तिच्या वाटच्या १०० गॅलनवर मी इमानेइतबारे हक्क सांगतो. लहानपणी सांगलीत आजीच्या नावावरची साखर उचलून आणायचो, त्यातलाच हा प्रकार. (वर्षाला २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. एवढी करायला नोकरी सोडावी लागेल, आणि प्यायला बहुधा घर.)

महाराष्ट्रात हा उद्योग कोणी करू नये. तिथे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली नुसतं प्यायलाही परवाना लागतो. मी हा छंद सुरू केला तेव्हा आईला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं.

“म्हणजे हातभट्टीच की रे,” आई म्हणाली.

“अगं आई, इथे कायद्याने चालतं.”

“शेजाऱ्यांना ठाऊक आहे?”

“हो, ठाऊक आहे.”

“आणि तरी बोलतात तुमच्याशी?”

मग मी तिला तिच्या भाषेत समजावलं. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. त्याचं सत्त्व होतं आणि ते बाळाला देतात. जवाचं हेच केलं की त्याला मॉल्ट म्हणतात आणि ते बाळाच्या बापाला देतात. भरडलेला मॉल्ट तासभर साधारण ६५ अंशाच्या पाण्यात ठेवायचा, गाळून आलेला गोड रस तासभर उकळायचा. तेव्हा घरात गुऱ्हाळाचा वास सुटतो. त्यात हॉप घालायचा, रस निववायचा, विरजण लावावं तसं यीस्ट घालून दोन आठवडे झाकून ठेवायचा. “एवढं करायचं,” आई म्हणाली, “आणि शेवटी काय, तर बिअर.”

आता आम्ही राहतो सिअ‍ॅटलच्या उपनगरात. इथून डोंगर ओलांडून अडीच तास गाडी हाकली की याकिमाचं खोरं लागतं. अमेरिकेतल्या हॉपपैकी पाऊण हिस्सा एकट्या वॉशिंग्टन राज्यात पिकतो, आणि तो जवळजवळ सगळा या खोऱ्यात. डोंगराच्या अलीकडे झिमझिम, पलीकडे माणदेशासारखा कोरडा मुलूख आणि कालव्याचं पाणी. ऑगस्टच्या शेवटी तिकडे जावं. तासगावच्या द्राक्षबागा डोळ्यांपुढे आणा आणि मांडव तिप्पट उंच करा. अठरा फुटांवर तारा, त्यांना सुतळ्या बांधलेल्या, आणि सुतळीवर चढलेल्या वेली. वेल बुडापासून कापून अख्खीच्या अख्खी ट्रकवर घालतात, यंत्र फुलं खुडतं आणि ती भट्टीच्या उबदार हवेवर हातभर उंच थराने वाळत पडतात. त्या शेडमध्ये शिरल्यावर मला थेट बेदाण्याच्या शेडची आठवण झाली. फक्त इथे वासाने डोकं हलकं झालं. मुठीत फुलं चुरडली तर तळहात पिवळा आणि चिकट. दोनदा साबण लावून धुतला, तरी घरी येऊन मुलीच्या गालाला हात लावला तर ती म्हणाली, “बाबा, तुला संत्र्याच्या सालीचा वास येतोय.”

असा हा हॉप दारात पिकत असताना मला वेड लागलं ते पृथ्वीच्या पार टोकाला पिकणाऱ्या हॉपचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वरच्या टोकाला नेल्सन नावाचा प्रांत आहे. तिथल्या रिवाका गावच्या संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात २००० साली बाहेर आली. थॉम्पसन द्राक्षासारखी बिनबियांची. नाव ठेवलं नेल्सन सॉव्हिन; प्रांताचं एक आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ या द्राक्षावरून दुसरं, कारण या हॉपला त्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचा वास येतो. (हे द्राक्ष नाशिककडेही आता होतं, तेव्हा नाव अगदीच परकं नाही.) माझ्या कचेरीत एक न्यूझीलंडचा मनुष्य होता. त्याने एकदा स्वतः केलेली बाटली आणून दिली. मी पहिला घोट घेतला आणि दुसरा घ्यायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसलो. बायकोला वाटलं, लागलं काहीतरी.

वास नक्की कशाचा, यावर आमच्या घरात बराच वाद झाला. तो मनुष्य म्हणाला, गूजबेरीचा. मी शब्दकोश उघडला, त्यात आवळा. आवळ्याला इंडियन गूजबेरी म्हणतात त्याचा हा उलटा प्रवास. मूळ गूजबेरीचा आवळ्याशी काडीचा संबंध नाही, पण मी आईला आवळा सांगून बसलो होतो. “मग आवळाच घाल की,” आई म्हणाली, “एवढे पैसे कशाला?” बायकोने मात्र ग्लासावर नाक नेलं आणि एका शब्दात निकाल दिला : “पेरू.” पुढे वाचनात आलं की बायकोचं बरोबर होतं. या हॉपमध्ये थिऑल नावाचे गंधकाचे रेणू असतात, आणि तसलेच रेणू पेरूत, पॅशनफ्रूटमध्ये आणि त्या पांढऱ्या वाइनमध्ये असतात. लिटरभर बिअरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी नाकाला पुरतात. पिकल्या पेरूची एक पिशवी बंद खोलीत ठेवली तर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे रसायनशास्त्र वेगळं शिकवायला नको. आणि याच घराण्यातल्या काही रेणूंचं प्रमाण थोडं चढलं की लोकांना मांजराच्या मुताची आठवण होते. पेरू आणि मांजर यांच्यामध्ये एवढंसंच अंतर आहे. ही गोष्ट मी तेव्हा घरात बोललो नाही.

तर असा हा हॉप मिळवायचा कसा? जगातल्या शंभर किलो हॉपमागे न्यूझीलंडचा जेमतेम एखादा किलो. नवी वेल लावली तर भरघोस धरायला दोन-तीन वर्षं घेते. जे पिकतं ते मोठ्या ब्रुअऱ्यांनी करार करून आधीच उचललेलं. आमच्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकापर्यंत पोचतो तो हापूसच्या निर्यातीनंतर हातगाडीवर उरलेला माल, आणि भाव मात्र निर्यातीचा. तशी हॉपची टंचाई या धंद्याला नवी नाही. २००६च्या ऑक्टोबरात याकिमात हॉपचं एक मोठं गोदाम जळालं, पुढच्या दोन वर्षांत जगभर ओढाताण झाली. तेव्हा सॅम्युअल अ‍ॅडम्स बिअर करणाऱ्या बॉस्टनच्या कंपनीने २००८ साली आपल्या साठ्यातले २०,००० पौंड हॉप लहान ब्रुअऱ्यांना खरेदीच्याच भावात दिले. मागणी इतकी आली की चिठ्ठ्या टाकायची वेळ आली. म्हाडाच्या सोडतीसारखी हॉपची सोडत! हे वाचून मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

२०१२च्या उन्हाळ्यात एका दुकानात नेल्सन आल्याचं कळलं. औंसाला चार डॉलर. औंस म्हणजे २८ ग्रॅम, आणि त्यातलं सुगंधी तेल काढलं तर पाच-सहा थेंब. दाराशी पाटी : एका गिऱ्हाइकाला दोनच औंस. सांगलीचा मुलगा अशा पाटीने डगमगत नसतो. मी बायकोला रांगेत माझ्यामागे तीन माणसं सोडून उभं केलं आणि बजावलं की ओळख दाखवायची नाही. लहानपणी रॉकेलच्या रांगेत आम्ही चौघं भावंडं अशीच अनोळखी उभी राहायचो. सगळं व्यवस्थित चाललं होतं. गल्ल्याशी पोचल्यावर तिने पाकीट वर धरलं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, “अरे, हेच ना ते गुरांच्या पेंडेसारखं?”

मराठी कोणाला कळलं नाही. पण नवराबायको आहेत हे सगळ्यांना कळलं.

पेंडेसारखं हे खरंच. वाळलेली फुलं दळून, दाबून त्यांच्या हिरव्या कांड्या करतात. अशा चार औंस कांड्या घेऊन मी घरी आलो, आणि तिथून पुढे जे झालं त्याचं मूळ आमच्या सांगलीच्या घरातल्या काचेच्या कपाटात आहे.

त्या कपाटात सोनेरी काठाचा एक चहाचा सेट होता. आईबाबांच्या लग्नात आलेला. तो ‘कोणीतरी’ आलं की काढायचा होता. चाळीस वर्षांत मामा आले, ताईला बघायला मंडळी आली, एकदा तर मामलेदार येऊन गेले. ‘कोणीतरी’ काही आलं नाही. चहा आम्ही कान तुटलेल्या कपांतून प्यायलो. नवी चादर पाहुण्यांसाठी, चांगलं पेन परीक्षेसाठी, आणि परीक्षेत ते अडकेल या भीतीने परीक्षेला जुनंच. असल्या घरातून आलेल्या माणसाच्या हातात चार डॉलर औंसाचा हॉप पडल्यावर तो काय करणार? त्याने तो ठेवणीत टाकला.

अगदीच काही केलं नाही असं नाही. एकदा केली बिअर. नवखे लोक एक चूक करतात : महागाचा हॉप सुरुवातीलाच टाकून तासभर उकळतात. उकळल्याने कडवटपणा रसात उतरतो, सुगंध वाफेबरोबर खिडकीतून शेजाऱ्याकडे जातो. केशराची फोडणी द्यावी तसं ते आहे. म्हणून कडवटपणासाठी साधा स्वस्त हॉप उकळायचा आणि खानदानी हॉप शेवटी, बिअर आंबून झाल्यावर गार असताना टाकायचा. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. ही चूक मी केली नाही. मी दुसरी केली. १९ लिटर बिअरला चारही औंस टाकायचे होते; मी अर्धा टाकला. तोही दोन हप्त्यांत, चिमटीने, हिंग घालावा तसा. मित्रमंडळींना बोलावलं. सगळे “छान आहे” म्हणाले. मराठी माणूस फुकटच्या गोष्टीला नुसतं “छान आहे” म्हणाला की समजावं, त्याने ती ओळखली आहे. एकाने तर ग्लास उजेडात फिरवून विचारलं, “ते तुझं महागाचं यात कुठल्या बाजूला आहे?”

उरलेले साडेतीन औंस मी नारळामागे ठेवले. दिवाळीला करू, म्हटलं. मग मेव्हणा येणार होता, त्याला करू. ग्रीन कार्ड आलं की करू. मेव्हणा येऊन गेला. तो व्हिस्की पितो, त्याच्यावर काय वाया घालवायचं! ग्रीन कार्डही आलं. पण तो गुरुवार निघाला.

आणि दर शनिवारी मी पाकीट उघडून वास घ्यायचो. पाहुणे आले की त्यांनाही द्यायचो, अत्तराचा फाया द्यावा तसा. मग पुन्हा घडी घालून रबरबँड लावायचा. शेजारच्या सोड्यांवरून बायकोशी माझी तक्रार चालू असायची. माझ्या हॉपला सोड्यांचा वास लागेल, तुझे सोडे दुसरीकडे ठेव. ती म्हणायची, मालवणचे सोडे आहेत, ते कुठल्याही देशात मानाने राहतात.

२०१५च्या गणपतीत मी ठरवलं की आता करायचीच. पाकीट उघडलं, डोळे मिटले, नाक आत घातलं. पेरू गेला होता. मांजरही गेलं होतं. वास येत होता तो जुन्या चीजचा आणि पावसाळ्यात दोन दिवस घातलेल्या मोज्यांचा. हॉपला हवा मारते. हवेने त्यातली कडू आम्लं फुटतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. हे तेच आम्ल, जे चीजमध्ये असतं आणि घामेजल्या पायांतही. हवाबंद पाकीट न उघडता ठेवलं असतं तर फ्रीझरमध्ये ते कितीतरी टिकलं असतं. दर शनिवारी वास घेऊन घेऊन मीच तो संपवला होता.

बायकोने पाकिटाचा वास घेतला. काही बोलली नाही. फ्रीझरमधून सोडे काढले आणि खालच्या कप्प्यात, हॉपपासून लांब नेऊन ठेवले.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, “बेल्जियममध्ये लॅम्बिक नावाची बिअर करणारे लोक मुद्दाम दोन-तीन वर्षं जुना केलेला हॉप वापरतात.”

“मग बेल्जियमला पाठव,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी न्यूझीलंडचा नवा तोडा आला. तिकडची काढणी आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. या वेळी दुकानात पाटीही नव्हती. मी सहा औंस घेतले. आंबणं जवळजवळ संपलं होतं. मी कात्री, वजनकाटा आणि रिकामी चंदेरी पाकिटं टेबलावर मांडली. तेवढ्यात बायको आली, रिकाम्या पाकिटांकडे तिचं लक्ष गेलं. तिने कात्री उचलली, हॉपचं पाकीट कापलं आणि माझ्या तोंडून “अगं, अगं, निम्मं!” बाहेर पडेपर्यंत सगळंच्या सगळं फर्मेंटरमध्ये उपडं केलं. “माझ्या फ्रीझरमध्ये यातली कांडीसुद्धा येणार नाही,” ती म्हणाली.

वायूने भरलेल्या द्रवात कोरड्या कांड्या एकदम पडल्या की फेस उसळतो. तो उसळला, तोंडापर्यंत आला, बाहेर पडायला लागला. बायकोने सवयीने वाकून त्यावर फुंकर मारली, दूध उतू जाताना मारतात तशी. तिच्या केसांना, टेबलाला आणि माझ्या वजनकाट्याला दोन दिवस हिरवे ठिपके होते.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघत हिंडायला लागली. टोपली बघितली, फ्रिज उघडला, ओट्याखाली वाकली. मी विचारलं, “आई, काय शोधतेस?”

“अरे, पेरू कुठे ठेवलेत?”

त्या बिअरच्या ४८ बाटल्या झाल्या. चव कशी होती हे मी आपल्या तोंडाने सांगणं बरं नाही, पण ‘कुठल्या बाजूला आहे’ विचारणाऱ्या मित्राने जाताना सहा मागून नेल्या. मांजर म्हणाल तर होतं, अगदी शेवटच्या घोटाला, दारामागे बसल्यासारखं. मला ते आवडलं. पंधरवड्यात ४२ संपल्या. बायको आता खूश होती, की एकदाचं काहीतरी वेळेवर संपतंय.

उरलेल्या सहा मी गॅरेजमध्ये बर्फ उपसायच्या फावड्यामागे ठेवल्या. अशी हॉपची बिअर ताजीच प्यायची असते, दोन-चार महिन्यांत सुगंध उतरतो आणि मग ओल्या पुठ्ठ्याची चव येऊ लागते, हे मला चांगलं ठाऊक आहे. या गोष्टीला आता कैक वर्षं झाली. चार अशाच कोणाकोणाला देऊन टाकल्या, दोन अजून आहेत. सिअ‍ॅटलकडे कधी येणं झालं तर जरूर कळवा, आपण उघडू. फक्त येताना तुम्ही ‘कोणीतरी’ आहात, असं बायकोदेखत सांगू नका.